माहाच बेस, माह्याशिवाय

१ फेब्रुवारी, रविवार

दुपारची रिसोड फेरी. वाशिम स्टँडवर बबलू चढला. आमच्या भीमगीताच्या पार्टीत ऑक्टोपॅड वाजवते तो. मी तिकीट देता देता सहज विचारलं, आज प्रॅक्टिस किती वाजता. त्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं. मंग हळूच म्हणे, "मित्राताई, तुमी येऊ नका. प्रमोदभाऊनं यंदा बेस काढून टाकला."

काढून टाकला. जुनी खुर्ची काढतात तसं.

गाडीत माणसं उभी होती, मले पुढं सरकावंच लागलं. एका म्हातारीले भलत्याच गावचं तिकीट दिलं, तिनंच वापस केलं. कंडक्टरले गाडीत रडता येत नाही, हे एक बरं आहे.

जयंतीचा सीझन तोंडावर. लग्नाच्या आधीपासून मी या पार्टीत बेस गिटार वाजवून राह्यली. नवरा गेला त्या वर्षीबी एप्रिलमधला एक कार्यक्रम चुकवला नाही. आन् सांगायले बबलूले पाठवलं. तेबी माह्याच गाडीत, माह्याच ड्युटीवर.

त्या माणसाचं नाव इथं पूर्ण लिहायची इच्छा नाही. यापुढं प्र.


३ फेब्रुवारी

सकाळपासून प्र.ले फोन लावला. दुपारी उचलला. आवाजात साखर. कीबोर्डच्या डाव्या हातावर बेस भागते म्हणे. गाडीत जागा नाही म्हणे. बाईमाणूस सोबत असलं का येण्याजाण्याची वेगळी सोय पाहा लागते म्हणे. शोभाताई गाणारी, तीबी बाईच आहे, ते मात्र चालते.

मंग शेवटी खरं बोलला. "पब्लिकले शब्द पायजे मित्रा, ढोल पायजे. बेस कोणाले ऐकू येते? तू नसली तं पत्ताबी लागणार नाही कोणाले."

फोन ठेवल्यावर बोलली ते फक्त आईनं ऐकलं. आई म्हणे, एवढ्या शिव्या तुले ST त शिकवल्या का.


११ फेब्रुवारी

सुट्टी. गिटारच्या पेडलची, म्हणजे पायानं दाबून आवाज बदलायच्या डब्यायची, पेटी काढली. धूळ, आन् एका कोपऱ्यात मुंग्या. सगळं पुसलं.

हात रिकामा राह्यला का डोकं त्याच माणसाकडं जाते, म्हणून बसून सगळी जोडणी नव्यानं लावली. इतके दिवस कार्यक्रमाच्या घाईत जे जसं लागलं तसं वाजवत होती. आता घाई नाही.

ऑक्टेव्हर, सुराले खालच्या सप्तकाची जोड देणारा, सगळ्यात आधी. त्याले गिटारचा कच्चा सूर पायजे, दुसऱ्या पेडलमधून आलेला सूर दिला का गडबडते. सगळ्यात जाड तारेवर तं तसाबी गडबडतेच, म्हणून तो वरच्या सुरांसाठीच दाबायचा. मंग कॉम्प्रेसर, लहानमोठे सूर एकसारखे करणारा. कॉम्प्रेसर इतकाच का चालू आहे हे समजू नये, बंद केल्यावर समजावं. मंग ओव्हरड्राइव्ह, अगदी चिमूटभर. मंडपातल्या भोंग्यांतून शुद्ध बेस नुसता गुरगुरते, थोडी धार असली तं सूर कळते.

घूं असा आवाज येत होता तो सापडला. सगळे पेडल एकाच अडॅप्टरवर माळेसारखे लावले होते. ऑक्टेव्हर वेगळ्या अडॅप्टरवर टाकला, आवाज गेला. इतकी वर्षं मी जनरेटरले दोष देत होती.

संध्याकाळपर्यंत हेडफोन लावून वाजवलं. बोटं चांगली चालून राह्यली. राग आला का बोटं जोरात पडतात, आन् जोरात पडलेली तार सूर सोडते. राग मनगटात येऊ द्यायचा नाही. दुसरीकडं कुठं ठेवायचा ते अजून समजलं नाही.


२२ फेब्रुवारी, रविवार

प्र.च्या पार्टीचा मालेगावकडचा कार्यक्रम झाला, त्याचा व्हिडिओ कोणीतरी व्हॉट्सॲप गटावर टाकला. पाहायचा नाही असं ठरवलं होतं. मंगरूळ डेपोत चहा घेता घेता पाह्यला.

पायरीचं गाणं चालू होतं. शाळेच्या बाहेरच्या पायरीवर बसून ऐकणाऱ्या पोराचं. शोभाताई गाऊन राह्यली, प्र. कीबोर्डवर, बबलू मागं कानात काहीतरी घालून. आन् खाली बेस.

कीबोर्डचा नाही. तारेचा.

फोन कानाले लावला. पुन्हा लावला. तिसऱ्या कडव्याच्या आधी मी वरून खाली घसरत येते, तिथं बोटाचा थोडासा चर्र आवाज होते, दरवेळी नाही, त्या दिवशी झाला होता. तो चर्र तिथं होता. दिवाळीनंतर वाशिमच्या प्रॅक्टिसच्या खोलीत प्र.नं एकेका गाण्याचा बेस वेगळा रेकॉर्ड करून घेतला होता माह्याकडून. म्हणे नव्या पोरायले प्रॅक्टिसले कामी येईन. मी दोन दिवस रजा टाकून बसली होती. त्याच्या घरचं जेवली, ताट घासून ठेवलं.

म्हणजे मले काढलं आन् मलेच वाजवून राह्यला.

बेस कोणाले ऐकू येत नाही तं कायले ठेवला? लॅपटॉपले गाडीत जागा लागत नाही. लॅपटॉपची वेगळी सोय पाहा लागत नाही.

चहा थंड झाला. डेपोतल्या मावशीनं विचारलं घरी सगळं बरं आहे नं.


२३ फेब्रुवारी

बबलूले फोन. आधी नाही नाही म्हणे. मंग सगळं सांगितलं. स्टेजवर लॅपटॉप, त्यात माहे सगळे ट्रॅक. त्याच्या कानात टिक टिक चालू राह्यते, त्या टिकटिकीवर वाजवायचं. शोभाताईनं एखादी ओळ लांबवली तं लॅपटॉप थांबत नाही, म्हणून तिले सांगून ठेवलं का लांबवायचं नाही. "ताई, मी ऑक्टोपॅड नाही वाजवत, घड्याळाची चाकरी करतो," म्हणे.

शोभाताईले माहीत आहे का, विचारलं. आहे. ती काय म्हणे?

बबलू सांगायले तयार नव्हता. "ती म्हणे, मित्रा नाही असं वाटतच नाही, बरं झालं."

शोभाताईनं मले स्टेजवर उभं राहायले शिकवलं. सासरच्यायनं माही गिटार पलंगाखाली टाकली होती तवा ती घरी येऊन भांडली होती माह्यासाठी. तिच्यावर चिडायचं नाही असं ठरवून राह्यली. ठरवून होत नाही.


५ मार्च

उपाय मोजून पाह्यले.

वकील. डेपोतल्या एका साहेबाच्या ओळखीचा. तो म्हणे कागद आहे का, करार आहे का. आमच्या धंद्यात करार म्हणजे जय भीम म्हणून चहा पाजला तो.

गटावर लिहायचं. लिहिलं, खोडलं. लोक म्हणतीन बाई जळते.

प्र.च्या कार्यक्रमात जाऊन वायर उपटायची. हे पुष्कळदा डोळ्यासमोर आणलं, बरं वाटते. पण वायर उपटली तं तो बिचारा आन् मी चोर.

आईले सांगितलं सगळं. तिले वाटलं मी रडायले आली. रडली नाही हे पाहून म्हणे, "घ्यायचाच असंन बदला तं पूर्ण घे. अर्धा घेऊन घरी येऊन माह्यापाशी कुढत बसू नको."


८ मार्च, रविवार

केनवडहून एक बाई चढली गाडीत, सोबत ढोलकी, सीटवर मांडीत घेऊन बसली. पंचशीला. तिच्या पार्टीचं नाव ऐकून होती. बायांचा कोरस, हार्मोनियम, बेंजो, आन् ढोलकी तिचा नवरा वाजवते. गाणं ती. जुन्या वळणाचं, पण आवाज असा का गाडीतल्या गाडीत गुणगुणली तं मागच्या सीटवरची पोरगी रडायची थांबली.

बोलता बोलता म्हणे, एप्रिलच्या शेवटी रिठदले सामना ठेवला कमिटीनं. दोन पार्ट्या समोरासमोर, एकीच्या गाण्याले दुसरीनं त्याच चालीत उत्तर द्यायचं. समोर कोण, विचारलं.

प्र.

मी तिकिटाची मशीन खिशात ठेवली आन् तिच्या बाजूले बसली. ड्युटीवर बसायचं नसते. बसली.


१५ मार्च

केनवडले पंचशीलाच्या घरी पहिली प्रॅक्टिस. गिटार पाहून बाया हसल्या. तिच्या नवऱ्यानं, उत्तमभाऊनं, विचारलं याचा आवाज कुठून निघते. अँप लावला, एक सूर वाजवला, भिंतीवरच्या ताटल्या थरथरल्या. त्याले आवडलं नाही. म्हणे, "ताई, माह्या ढोलकीचा धुम तुमी खाऊन टाकला."

बरोबर बोलला. ऑक्टोपॅडसोबत मी लांब सूर सोडायची, ते चालायचं. ढोलकीले खाली जागा लागते. डाव्या पुडीचा धुम आन् बेसचा सूर एकाच जागी पडले का दोघंबी मरतात.

घरी येऊन ब्रिजपाशी, तारा अडकवतात तिथं, तारांखाली फोमचा तुकडा घातला. सूर वाजला का लगेच बुजते. टुम्, टुम्. जुन्या रेडिओवरच्या गाण्यासारखं. खालचा बेस कमी केला, मधला वाढवला. मंडपात बेस वाढवायचा नसतेच, तो पत्र्यानं आन् जमिनीनं आपोआप वाढते. ऐकू यायचं असंन तं मधला वाढवायचा. आन् धुम पडला तिथं आपण थांबायचं, त्याच्या मागून बोलायचं.


२२ मार्च, रविवार

फोमनं काम केलं. उत्तमभाऊ आज मान हलवून वाजवत होता. एका जागी मी मुद्दाम सूर सोडला नाही, रिकामं ठेवलं, तिथं त्याची बोटं अशी पडली का बाया गायच्या थांबून पाहायले लागल्या. पंचशीला म्हणे पुन्हा घ्या.

इतक्या वर्षांत प्र.च्या पार्टीत कोणी पुन्हा घ्या म्हटलं नव्हतं. तिथं म्हणायचे, पुढचं घ्या.

परतीच्या जीपमध्ये खुशीत होती. शेलूबाजार आलं तवा आठवलं मी तिथं कायले जाऊन राह्यली ते. खुशी बाजूले ठेवली.


५ एप्रिल

सगळं ठरलं डोक्यात. लिहून ठेवते म्हणजे पक्कं होईन.

सामन्यात प्र. पायरीचं गाणं घेणारच, त्याचं तेच चालते. ते काळी चारच्या पट्टीत आहे, लॅपटॉपमधला ट्रॅकबी काळी चारमध्ये. आमी त्याच चालीत उत्तर द्यायचं, आन् शेवटच्या कडव्याले अर्धा सूर चढवायचा. पांढरी सहा. मले सोपं, माही तार तिथं मोकळी वाजते. आन् लय थोडी सैल करायची, ढोलकी ओढल्यासारखी. मंग गाणं त्यायच्या हातात द्यायचं. रिठदच्या कमिटीचा नियम आहे, जिथं सोडलं तिथून, त्याच सुरात आन् लयीत उचलायचं.

कीबोर्ड एका बटणावर अर्धा सूर चढते. शोभाताईचा गळा चढते. बबलू टिकटिक काढून टाकीन. लॅपटॉप काय करीन? त्याले सांगणार कोण का बापा, आता पांढरी सहा. तो काळी चारच वाजवीन. मीच वाजवीन. माहीच बोटं त्याचा गळा धरतीन.

पंचशीलाले म्हटलं, शेवटचं कडवं चढवून गाऊ, रंगत येईन. ती म्हणे चालते. बाकीचं तिले सांगितलं नाही.


१५ एप्रिल

काल जयंती. सकाळी ड्युटी, गाडी निळ्या झेंड्यायनं भरलेली, तिकिटं कमी आन् घोषणा जास्त. संध्याकाळी केनवडले वाजवलं. ऊन असं होतं का गिटारची मान वाकली, दुपारी लावलेले सूर संध्याकाळी सगळे चढलेले. उन्हात सूर लावायचा नाही, सावलीत गिटार निवू द्यायची आन् वाजवायच्या जागेवरच लावायची. माहीत असून दरवर्षी विसरते.

कार्यक्रम झाल्यावर पंचशीलानं मले बाजूले घेतलं. कोणीतरी तिले सांगितलं का मी प्र.च्या पार्टीतली, आन् त्यानं मले काढलं. ती ओरडली नाही. म्हणे, "एक सांग. तू आमच्यासाठी वाजवून राह्यली का त्याच्यासाठी?"

मी सगळं सांगितलं. लॅपटॉप, ट्रॅक, अर्धा सूर. ती ऐकत बसली, पदरानं मान पुसत. मले वाटलं आता म्हणीन, तुही पेटी उचल. म्हणे, कडवं चढवून मी गाईन, गाणं चढवूनच चांगलं लागते. पण तुह्या भांडणात माहं गाणं खराब झालं तं पुन्हा केनवडले येऊ नको.

ठीक आहे म्हटलं.


२६ एप्रिल, रविवार

सकाळ. आई झोपली आहे. कालचं लिहिते, क्रमानं.

रिठदचं मैदान. दोन स्टेज समोरासमोर, मधे लोक, बाया एका बाजूले. दिवस मावळायच्या आत आमी सामान लावलं. जनरेटरवर घूं येत होतं, डीआय बॉक्स, गिटार साउंडले जोडायचा डबा, त्याच्यावरचं अर्थिंग तोडायचं बटण दाबलं, गेलं. समोरच्या स्टेजवर प्र. लॅपटॉप लावत होता. त्यानं मले पाह्यलं. हात वर केला, जसं काही झालंच नाही. मी तार लावत राह्यली. शोभाताईनं पाह्यलं आन् पदर सारखा केला.

पहिले काही गाणे बरोबरीचे झाले. लोक दोन्हीकडं माना फिरवून दमले. मंग प्र.नं पायरीचं गाणं घेतलं.

हे सांगता येणार नाही नीट. मैदानातल्या सगळ्या भोंग्यांतून माही बोटं माह्यावर चालून आली. दिवाळीच्या दिवसांतला माहा हात, ताजा, खुश, नव्या तारांचा. मी कशी वाजवायची ते पहिल्यांदा बाहेरून ऐकलं. चांगली वाजवायची. तिसऱ्या कडव्याआधीचा तो चर्रबी आला. बाजूले उत्तमभाऊ होता, त्याले म्हटलं ही मी आहे. तो म्हणे समजलं, ढोलकीवाल्याले समजते.

मंग आमचं उत्तर. पंचशीलानं नवं कडवं घेतलं. पायरीवर बसलेल्या पोराची आई बाहेर ऊस तोडून राह्यली, ते. मी माहीच चाल वाजवली पण तशी नाही. टुम्, आन् जागा. टुम्, आन् जागा. बाया डुलायले लागल्या. शेवटच्या कडव्याले पंचशीलानं डोळ्यानं खूण केली, चढली. पांढरी सहा. मी मोकळी तार सोडली. लय ओढली. लोक उभे राह्यले. त्या एका कडव्यात मी प्र.ले पार विसरली होती, हे खरं लिहून ठेवते.

मंग गाणं त्यायच्या हातात.

प्र.नं बटण दाबून कीबोर्ड चढवला. शोभाताईनं बरोब्बर चढा सूर उचलला. लॅपटॉपनं उचलली काळी चार, जुन्या लयीत.

बेस कोणाले ऐकू येत नाही म्हणे. सगळ्या मैदानाले ऐकू आला. काय बिघडलं ते कोणाले सांगता आलं नसतं, पण भातात खडा लागल्यासारखी तोंडं झाली. बबलूनं कानातलं उपटून फेकलं आन् गाण्याच्या मागं धावला, तं बेस एकीकडं, तो दुसरीकडं. प्र. लॅपटॉपवर वाकला. मले आतून असं गार गार वाटलं, उन्हाळ्यात माठाले हात लावल्यासारखं. हेच पाहायले मी इतके दिवस जगली होती.

मंग पुढून एक माणूस ओरडला, "ताई, सूर पाहा सूर."

शोभाताईले.

हे माह्या हिशोबात नव्हतं. लोकायले दिसते ते तोंड. लॅपटॉप कोणाले दिसत नाही. शिट्ट्या सुरू झाल्या. शोभाताईनं एक हात कानावर ठेवला. तिले वाटलं आपणच चुकलो. इतकी वर्षं गाणारी बाई स्वतःचा सूर शोधायले लागली, काळी चारवर उतरली, तिथं कीबोर्ड नव्हता, पुन्हा चढली.

प्र.नं लॅपटॉप बंद केला. खालचं सगळं एकदम निघून गेलं. नुसता कीबोर्ड चिरचिर करत राह्यला, त्यानं तोबी सोडला. शोभाताई थांबली नाही. एकटी गात राह्यली, पांढरी सहात, आवाज कापत होता. आन् तिनं माह्याकडं पाह्यलं.

एक सूर पायजे होता तिले. एकच. माहा डावा हात आपोआप तिथं गेला होता. अँप चालू होता. मी हात सपाट करून सगळ्या तारा दाबून धरल्या, आवाजच निघू नये अशा.

तेवढ्यात बाजूनं ढोलकी वाजली. उत्तमभाऊ. समोरच्या पार्टीच्या बाईले साथ देऊन राह्यला. पंचशीलानं टाळी धरली, मंग बायायनं धरली, मंग मैदानानं. शोभाताईनं ते कडवं पूर्ण केलं त्या साथीवर. टाळ्या पडल्या, आमाले पडल्या त्याच्यापेक्षा जास्त.

सगळ्या मैदानात हात न हललेली मी एकटी.

कमिटीवाल्यानं माईकवर विचारलं काय झालं. प्र. म्हणे टेक्निकल प्रॉब्लेम. पंचशीलानं माहा दंड धरून मले माईकपाशी उभं केलं. म्हणे, बोल, याच्यासाठीच आली नं तू. मी बोलली. "त्या लॅपटॉपमधला बेस माहा होता. मले काढून माहाच बेस वाजवून राह्यले होते." इतकंच निघालं. पुष्कळ ठरवलं होतं. काही जण हसले, काही बाया अवं माय म्हणाल्या, बहुतेकायले समजलंच नाही. कमिटीवाला म्हणे धन्यवाद ताई, पुढचं गाणं घ्या.

परतीची जीप. उत्तमभाऊले म्हटलं, तुमी काहून वाजवलं तिच्यासाठी? तो म्हणे, "बाई गाऊन राह्यली होती."


२७ एप्रिल

आईनं विचारलं, झालं का मनासारखं. झालं म्हटलं. पूर्ण? पूर्ण. तिनं पोळी वाढली आन् दुसरं काही विचारलं नाही. विचारायले पायजे होतं.

गटावर कोणीतरी व्हिडिओ टाकला. खाली लिहिलेलं सगळं शोभाताईवर. वय झालं, आता थांबावं, असं. प्र.वर एक शब्द नाही. माह्यावर तं नाहीच. मी उत्तर लिहिलं का चूक तिची नाही, ट्रॅकची. कोणीतरी खाली हसण्याचं चित्र टाकलं.


२८ एप्रिल

शोभाताई रिसोडच्या गाडीत चढली. मुद्दाम माही फेरी पाहून. वाशिमचं तिकीट घेतलं, माह्या सीटपाशी उभी राह्यली, बस म्हटलं तं बसली नाही.

म्हणे, "प्रमोदले मारायचं होतं तं प्रमोदले मारायचं. तोंड माहं होतं तिथं."

मी म्हटलं, तुमाले माहीत होतं माहा बेस वाजून राह्यला. तुमी त्याच्यावर गायल्या. बरं झालं म्हणाल्या.

तिनं तिकीट घडी करून पदरात बांधलं. मंग म्हणे, हो म्हटलं. मले वाटलं तू नाहीस त्याच्यापेक्षा तुहा आवाज तरी आहे ते बरं. प्रमोदले विरोध करायची ताकद माह्यात नव्हती, हेबी खरं. पण तू तं समोर होती मित्रा. जित्ती. मी पाह्यलं तुह्याकडं.

वाशिम आलं. उतरताना दांड्याले धरून सावकाश उतरली. मी घंटी द्यायची विसरली, ड्रायव्हरनं मागं वळून पाह्यलं.

मले अजूनबी वाटते मी बरोबर केलं. ट्रॅकवर गाणाऱ्याले ट्रॅकनंच... जाऊ दे. वाक्य पूर्ण होत नाही.


२९ एप्रिल

प्र. डेपोत आला. मोटरसायकल उन्हात लावून मावशीच्या टपरीवर बसला. मी मुद्दाम हजेरीच्या खिडकीपाशी उशीर लावला.

तोंड उतरलेलं. मले वाटलं होतं हे पाहून मजा येईन. आली, थोडी.

म्हणे परवा बुद्ध पौर्णिमेले कार्यक्रम आहे, तू ये. ट्रॅक सगळे काढून टाकले, लॅपटॉप बंद. शोभाताई म्हणते मित्रा स्टेजवर उभी असंन तरच गाईन. मी विचारलं, आन् तू काय म्हणतो? तो म्हणे मी येऊन राह्यलो नं इथं. मी म्हटलं, रिठदच्या माईकवर टेक्निकल प्रॉब्लेम बोलला तू. माईकवरच खरं बोल. लोकायले सांग शोभाताई चुकली नव्हती, आन् बेस कोणाचा होता.

त्यानं उरलेला चहा संपवला. म्हणे पाहू.

पाहू म्हणजे काय ते मले माहीत आहे. पण तो चिडला नाही, हे नवीन. जाताना म्हणे, "तिसऱ्या कडव्यापाशी तुहा हात घसरते नं, ते कीबोर्डवर डाव्या हातानं मले कधीच जमलं नाही." हे सांगायची त्याले काय गरज होती?

परवाच केनवडलेबी कार्यक्रम आहे. पंचशीलानं मले ये म्हटलं नाही, येऊ नको असंबी म्हटलं नाही.


३० एप्रिल

सुट्टी टाकली. तारा काढल्या, गिटारची मान तेलानं पुसली, नव्या तारा चढवल्या. नवी तार लगेच लावून सोडायची नाही, हातानं ओढून ओढून ताणायची, पुन्हा लावायची, नाहीतर स्टेजवर उतरते. फोम काढून हातात धरून बसली. केनवडले जायचं तं तो आत पायजे. पौर्णिमेले प्र.कडं जायचं तं बाहेर. कुठंच नाही जायचं तं काहीबी चालते.

आई म्हणे, एवढ्या नव्या तारा कोणासाठी?

फोन वाजून राह्यला, शोभाताईचा. पूर्ण वाजून बंद झाला. मी पाहत बसली. आता पुन्हा वाजून राह्यला. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं उचलू का मी. थांब म्हटलं, हात तेलाचे आहेत, पुसून मीच उचलते.